युटातली तीन स्टेट पार्क आणि भाड्याचा तंबू

अमेरिकेतल्या युटा राज्यात जायचं म्हटलं की सगळे आर्चेस आणि ब्राइस या नॅशनल पार्कचं नाव घेतात. आम्ही ऑक्टोबरच्या सुट्टीत मुद्दाम फक्त स्टेट पार्कमध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या उद्यानांमध्येच मुक्काम केला. गाडीत आम्ही दोघं, नऊ वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि साताऱ्याहून आलेले माझे सासरे. आबांचं वय 71, एक गुडघा दुखरा.

पहिला मुक्काम डेड हॉर्स पॉइंट. कड्यावरून खाली 2,000 फुटांवर कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं. आबा सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभे राहिले, तो चहा गार झाला तरी त्यांना भान नव्हतं. पण लहान मुलं असतील तर इथे जिवाला घोर लागतो. पुष्कळ ठिकाणी कड्याला कठडा नाही. धाकट्याचा हात मी दोन दिवस सोडला नाही. पार्कमध्ये पाणी टँकरने आणावं लागतं आणि अंघोळीची सोय नाही, म्हणून जवळच्या मोआब गावातच पाण्याचे कॅन भरून घ्या. आम्हाला ते भलत्याच कामी आले. तंबू भाड्याचा होता आणि दुकानदाराने दिलेल्या खुंट्या वीतभरही नव्हत्या. रात्री वारा सुटला तशा त्या रेताड जमिनीतून एकेक करून निघाल्या. शेवटी तंबूचे कोपरे भरलेल्या कॅनना बांधले, तेव्हा कुठे डोळा लागला. भाड्याचा तंबू घ्याल तर दुकानातच पिशवी उघडून खुंट्या बघा, आणि लांब खुंट्या वेगळ्या विकत घ्या.

दुसरा मुक्काम, गॉब्लिन व्हॅली, मात्र माझ्या मनात घर करून बसली आहे. वरचा वाळूचा दगड टणक, खालचा थर मऊ. मऊ थर आधी झिजतो आणि मडकी डोक्यावर घेतल्यासारखे हजारो बुटके दगड उभे राहतात. आबा म्हणाले, "अगं, या तर पाणवठ्यावर जमलेल्या बायका!" दरीत ठरावीक पायवाट नाही, वाटेल तिकडे फिरा. मुलं तीन तास लपाछपी खेळली. आबांना पायऱ्या उतरायच्या नव्हत्या, तर गाडीतळाशेजारच्या छपराखाली बसून त्यांना अख्खी दरी आणि दोन्ही नातवंडं दिसत होती. घरातल्या प्रत्येकाला एकाच वेळी मोकळं सोडता येईल अशी जागा मला दुसरी माहीत नाही. 2013 मध्ये इथला एक दगड काही मोठ्या माणसांनी ढकलून पाडला होता, हे थोरलीला सांगितलं. त्यानंतर ती भावाला एकाही दगडाला टेकू देईना.

रात्रीचं आकाशही इथलंच. 2016 मध्ये या पार्कला अंधाऱ्या आकाशासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. अमावास्या जवळ होती, आकाशगंगा या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत सलग दिसली. आबांनी मुलांना सप्तर्षी शोधायला लावले, ते क्षितिजाशी इतके खाली होते की सापडायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी पार्कच्या हद्दीबाहेरच्या लिटल वाइल्ड हॉर्स कॅनियन या अरुंद घळीत तासभर आत जाऊन परत फिरलो. दोन्ही भिंतींना एकदम खांदे लागतात, मुलांना फार आवडलं. मात्र हवामान बघितल्याशिवाय आत शिरू नका. पाऊस कुठेतरी लांब पडतो आणि लोंढा इथे येतो.

तिथून हँक्सव्हिल गावात पेट्रोल भरून 12 नंबरचा रस्ता धरला. एस्कलांटे गावाच्या अलीकडे तो एका धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खोल उतार. गाडी चालवणाऱ्याने दृश्य बघू नये, थांबायच्या जागी थांबून बघावं.

शेवटचा मुक्काम कोडाक्रोम बेसिन. फोटोच्या फिल्मवरून पडलेलं नाव, आणि लाल-पांढरे सुळके बघितल्यावर ते पटतं. इथे गरम पाण्याचे शॉवर आहेत. चार दिवसांची धूळ उतरली तेव्हा सगळ्यांचे खरे चेहरे दिसले. ग्रँड परेडची वाट सपाट आहे, आबा ती काठी न टेकता चालले. सुळक्यांच्या पायथ्याशी इतकी शांतता की मुलंही आपोआप हळू बोलत होती.

युटाच्या स्टेट पार्कची जागा चार महिने आधीपासून ऑनलाइन धरता येते. पुढच्या ऑक्टोबरसाठी मी जूनच्या पहिल्या तारखेची खूण कॅलेंडरवर केली आहे. त्या खेपेला गॉब्लिन व्हॅलीत तीन रात्री, आणि तंबू आमचा स्वतःचा.