स्तनाच्या कर्करोगानंतर शरीरसंबंध: औषधांखेरीजच्या मार्गांपैकी कोणता निवडावा?

उपचार संपतात, रिपोर्ट चांगला येतो, आणि जोडीदाराने जवळ घेतलं की अंग चोरून घ्यावंसं वाटतं. कित्येकजणी हे वर्षानुवर्षं कोणालाच सांगत नाहीत. ‘जीव वाचला, आता हे कुठे बोलायचं’ अशी स्वतःचीच समजूत घालतात. पण याला शारीरिक कारण आहे. केमोमुळे अंडाशयांचं काम मंदावतं किंवा थांबतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या उरलंसुरलं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोनही जवळजवळ संपवतात. मग योनीचं आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या गोळीवर हा त्रास सहसा कमी असतो.

इस्ट्रोजेनच्या क्रीमचा निर्णय ऑन्कॉलॉजिस्टबरोबरच (कर्करोगतज्ज्ञाबरोबरच) घ्यायचा. त्याखेरीजचे मार्ग निवडताना आधी स्वतःला विचारा: दुखतंय, इच्छाच होत नाही, की स्वतःचं शरीर परकं वाटतंय? उत्तर वेगळं असेल तर उपायही वेगळा.

मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ल्युब्रिकंट फक्त संबंधाच्या वेळी घर्षण कमी करतं. मॉइश्चरायझर संबंध असो वा नसो, नियमाने वापरायचं असतं. ते अस्तरात ओलावा धरून ठेवतं. चालताना, बसतानाही जळजळत असेल तर नुसत्या ल्युब्रिकंटने भागणार नाही. मॉइश्चरायझर साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा वापरतात. लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर तीन ते पाच वेळाही लागू शकतं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असलेल्या मॉइश्चरायझरमध्ये हार्मोन नसतं. ‘एकदा लावून पाहिलं, फरक नाही’ म्हणून सोडू नका, काही आठवडे नेटाने द्या. आतल्या भागाइतकीच योनीमुखाशीही ते लावण्याची गरज असते, आणि नेमकं तेच राहून जातं.

ल्युब्रिकंटमध्ये पाण्याचं सहज धुऊन जातं, पण लवकर सुकतं. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं, म्हणून खूप कोरडेपणा असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. सिलिकॉनच्या उपकरणांबरोबर मात्र ते वापरू नये. तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. सुगंधी किंवा ‘उष्णता देणारं’ काहीही टाळा. पाण्याच्या ल्युब्रिकंटवर ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, mOsm/kg मध्ये) छापली असेल तर ती बघा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती शक्यतो 380 च्या खाली आणि कोणत्याही परिस्थितीत 1200 च्या आत हवी, नाहीतर अस्तरातलंच पाणी ओढलं जातं. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या वनस्पतिजन्य जेलमध्ये इस्ट्रोजेनसारखे घटक असू शकतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

फिजिओथेरपी आणि डायलेटर

ओलावा आला तरी दुखतच असेल, तर बहुधा स्नायू आखडलेले असतात. एकदा दुखलं की शरीर पुढच्या वेळी आधीच स्वतःला आवळून घेतं. अशा वेळी ऐकीव सल्ल्यावरून केगेल (योनीभोवतीचे स्नायू आवळण्याचा व्यायाम) सुरू केलं तर त्रास वाढू शकतो, कारण आखडलेला स्नायू आधी सैल सोडायला शिकावा लागतो. पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपिस्ट तपासून नेमकं कुठे आखडलंय ते सांगते. डायलेटर म्हणजे योनीत हळूहळू सरकवायच्या, वाढत्या मापांच्या गुळगुळीत नळ्या; त्या घरी, एकटीने, आपल्या गतीने वापरता येतात. सर्वांत लहान मापापासून, भरपूर ल्युब्रिकंट लावून सुरुवात करायची, आणि दुखलं की थांबायचं. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर निदान एकदा तरी फिजिओथेरपिस्टला भेटा, डायलेटर त्यानंतर.

समुपदेशन

त्रास इच्छेचा किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या शरीराबद्दलच्या संकोचाचा असेल तर वरचं काहीही पुरेसं पडत नाही. नेदरलँड्समध्ये स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांवर इंटरनेटवरून दिलेल्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या समुपदेशनाची) चाचणी झाली. 2017 मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि त्यात इच्छा, उत्तेजना व स्वतःच्या शरीराबद्दलची भावना सुधारलेली दिसली. समोरासमोर बसून बोलणं जड जात असेल त्यांना हा मोठाच आधार आहे. जोडीने करायचा एक जुना मार्गही आहे: काही आठवडे संभोग करायचाच नाही असं दोघांनी ठरवायचं आणि फक्त स्पर्शाकडे लक्ष द्यायचं. ‘याचा शेवट कुठे होणार’ ही धास्ती गेली की जवळीक परत यायला जागा मिळते. छातीवरची संवेदना गेली असेल तर आता कुठे बरं वाटतं, हेही अशा वेळीच सापडतं.

लेझर

कोरडेपणावर योनीत लेझर देण्याचा उपचारही सुचवला जातो. मी घेऊ नका म्हणेन. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2018 मध्ये अशा उपकरणांबद्दल भाजणं आणि व्रण यांचा इशारा दिला. 2021 मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांवरच्या एका चाचणीत खरं लेझर आणि खोटं लेझर यांच्यात 12 महिन्यांनी लक्षणीय फरक आढळला नाही. तो पैसा फिजिओथेरपी किंवा समुपदेशनाकडे वळवा.

कोणताही मार्ग घ्या, रक्त जात असेल किंवा जखम दिसत असेल तर आधी तपासणी करा. पाळी थांबली म्हणून गर्भ राहणार नाही असं धरून चालू नका. गर्भनिरोधक गोळी चालत नाही, कंडोम किंवा तांब्याची कॉपर-टी चालते. केमोनंतर किती दिवस कंडोम वापरायचा ते तुमच्या औषधांनुसार विचारून घ्या.

आणि विचारायला शब्द सापडत नसतील तर ओपीडीत एवढंच म्हणा: “डॉक्टर, संबंध ठेवताना मला दुखतं. मला कोणाकडे पाठवाल?”