सिसिलीत खाण्यापिण्याची टूर: अख्ख्या बेटाची फेरी की कतानियातला मुक्काम?

खाण्यासाठी आणि वाईनसाठी सिसिलीला जायचं ठरलं की गाइडेड टूरचे साधारण दोन प्रकार समोर येतात. एकात आठवड्याभरात बसने बेटाची फेरी होते: पालेर्मो, त्रापानी, मार्साला, आग्रिजेंतो, मोदिका आणि शेवटी कतानिया. दुसऱ्यात कतानियात एकाच हॉटेलात राहायचं आणि हव्या त्या दिवशी गाइड घेऊन एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या द्राक्षमळ्यांत जायचं. आम्ही दोघांनी फेरी केली, आणि ती संपल्यावर कतानियातला मुक्काम वाढवून दुसरा प्रकारही अनुभवला.

स्वतः गाडी चालवण्याचा पर्याय इथे धरलेला नाही. इटलीत चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. म्हणजे दोघांपैकी एकाने दिवसभर ग्लास नुसता हुंगायचा. वाईनसाठी एवढ्या लांब जाणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

फेरीची जमेची बाजू मोठी आहे आणि तिचं नाव मार्साला. जॉन वुडहाउस हा इंग्रज व्यापारी १७७३ मध्ये इथली वाईन मायदेशी पाठवू लागला, तेव्हा समुद्रप्रवासात ती टिकावी म्हणून त्याने तिच्यात स्पिरिट घातलं, आणि तिथून हा धंदा वाढला. आपल्याकडे मार्साला म्हटलं की तिरामिसूत घालायची गोड वाईन एवढंच डोळ्यांसमोर येतं. पिंपात निदान पाच वर्षं मुरलेली, अजिबात गोड नसलेली ‘व्हेर्जिने’ तिथल्या थंड तळघरात चाखली की तो समज पुसला जातो. शिवाय वाटेत त्रापानीची मिठागरं लागतात, माशांच्या रश्शातला कुसकुस मिळतो आणि पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात पावात घातलेली गरम पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या. शाकाहारी माणसाचं त्यावर मजेत भागतं. कतानियाहून मार्साला तीनशे किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे फेरी सोडली तर हे सगळं बहुधा सुटतंच.

मग माझा कल दुसरीकडे का? सकाळमुळे.

सिसिलीतलं खाणं सकाळी सुरू होतं. कतानियातल्या बारमध्ये सकाळी ग्रानिता आणि ब्रियोश मागवतात. बदामाची ग्रानिता, सरबत आणि बर्फाच्या मधली, चमच्याला किंचित खरखरीत लागणारी. ब्रियोश म्हणजे मऊ पाव, तो ऊन असतो. त्याच्या डोक्यावरचा गोल गोळा आधी तोडायचा, ग्रानितात बुडवायचा, मग बाकीचा. तिथून चालत मासळीबाजार: ओल्या काळ्या दगडांवर मांडलेल्या तलवारमाशाच्या तुकड्या, विक्रेत्यांच्या आरोळ्या, आणि दुपार झाली की सगळी आवराआवर. पालेर्मोचे बाजारही सकाळीच खरे रंगात असतात.

आणि फेरीत नेमकी सकाळच हातची जाते. बहुतेक दिवशी हॉटेल बदलायचं, म्हणून लवकर उठून बॅगा भरायच्या, त्या लॉबीत आणून ठेवायच्या, हॉटेलचा तोच बुफे उरकायचा आणि बसमध्ये बसायचं. आमच्या गाइड बाई फार जाणकार होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बाजार खिडकीतून मागे जाताना बघायचा आणि वायनरीत पोचल्यावर आधी वाईन, वर भरगच्च जेवण, मग पुन्हा बसमध्ये पेंगायचं, हे मला रोज थोडं जास्त खुपत गेलं. कुणाला कदाचित याचं काहीच वाटणार नाही. मला मात्र खाण्याच्या टूरमध्ये सकाळ नसणं ही मोठी उणीव वाटली.

मुक्कामात ती सकाळ परत मिळाली. गाइडची गाडी येईपर्यंत आमची ग्रानिता झालेली असायची. एटनाच्या उत्तर उतारावर, रांदाझ्झो ते कास्तिल्योनेच्या पट्ट्यात, लाव्हाच्या दगडांचे बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी मळे केलेत. माती काळी आणि भुसभुशीत, बुटात शिरते. जुने वेल तारांवर चढवलेले नाहीत, प्रत्येक वेलाला चेस्टनटच्या लाकडाचा खुंट दिलेला. नाशिकचे मांडव पाहिलेल्याला हे वेगळं दिसतं. एका मळ्यात जुना पालमेंतो दाखवला: वरच्या दगडी हौदात द्राक्षं पायांनी तुडवायची आणि रस उताराने खालच्या हौदात उतरायचा.

तिथली मुख्य तांबडी द्राक्षं नेरेल्लो मास्कालेसे. वाईन रंगाने कोकम सरबतासारखी फिकट, पण जिभेवर चांगलीच कसदार. एटनावरच्या प्रत्येक भागाला, कोंत्रादाला, वेगवेगळ्या काळातला लाव्हा मिळालाय, आणि शेजारच्या दोन कोंत्रादांच्या वाईन समोरासमोर ठेवून चाखल्या की फरक मलाही कळला. घाई नसली तरच हे जमतं. फेरीतही एटना होतं, पण अर्धा दिवस, आणि परतीचं घड्याळ डोक्यावर. पांढऱ्या वाईनची आवड असेल तर पूर्व उतारावरच्या मिलो गावाकडची, कार्रिकांते द्राक्षांची वाईन मागा. तिच्या आंबटपणाला नोर्मा पास्त्यातली वांगी आणि खारट रिकोत्ता चीज छान साथ देतात.

दिवसाच्या हिशेबाने खासगी गाइड महाग वाटतो. पण रोज लागत नाही. मधल्या दिवशी रेल्वेने सिराकूझाला जाऊन येता येतं. आमच्या खिशाला तरी दोन्हींत फार तफावत जाणवली नाही.

वडीलधारी मंडळी बरोबर असतील, किंवा सिसिलीला पुन्हा येणं होणार नाही अशी खात्री असेल, तर फेरी घ्यायला माझी ना नाही. फक्त पालेर्मोत लागोपाठ दोन रात्री आहेत का ते आधी विचारा, म्हणजे एक तरी सकाळ बाजाराला मिळेल. कतानियात राहणार असाल तर रविवार एटनासाठी ठेवा, कारण त्या दिवशी मासळीबाजार बंद असतो. मात्र वायनरी उघडी आहे ना, हे गाइडकडून नक्की करून घ्या. शाकाहारी असाल तर मासे नकोत, अँचोव्ही म्हणजे खारवलेले छोटे मासेही नकोत, असं स्पष्ट लिहून कळवा. एटनाची द्राक्षं उशिरा, बरीचशी ऑक्टोबरात खुडतात. खुडणी बघायची असेल तर तेव्हा जा, पण लहान वायनऱ्यांची वेळ बरीच आधी घेऊन ठेवा.