क्रॅनबेरीची सॅशे: बरेच महिने घेतल्यानंतर

लघवीला जळजळ झाली की आमच्या घरी ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धण्याचं पाणी पुढ्यात येतं. माझी उन्हाळी भर पावसाळ्यातही लागायची. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू कुठला ते बघायची तपासणी) दर वेळी ई. कोलाय हा आतड्यातला जंतू. शेवटी डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला आणि सोबत क्रॅनबेरी व डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) यांच्या पावडरची सॅशे. कोर्स संपला तरी ती रोज चालू ठेवायची.

आधीच सांगते, चालू असलेला संसर्ग क्रॅनबेरीने जात नाही. जळजळ थांबली ती अँटिबायोटिकने. क्रॅनबेरीतली पीएसी नावाची द्रव्यं जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, मारत नाहीत. म्हणजे तिचं काम पुढच्या वेळेसाठी. 2023च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) 50 अभ्यास तपासले होते. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण पाव हिश्शाने कमी दिसला. गरोदर बायकांना मात्र फायदा दिसला नाही.

माझा अनुभव? पूर्वी दोन-तीन महिन्यांत ठरलेलं दुखणं या काळात एकदाच आलं, तेही प्रवासात लघवी तुंबवल्यावर. श्रेय सगळं सॅशेचं नाही, पाणीही वाढवलंय.

आता तक्रारी. पाण्यात टाकली की गुलाबी गुठळ्या होतात, ग्लासाच्या तळाशी चिकट थर राहतो. चव आंबट-गोड, रिकाम्या पोटी घेतली तर ॲसिडिटी. महाग आहेच. पाकिटावर अर्क किती मिलिग्रॅम ते ठळक, पण पीएसी किती त्याचा पत्ता नाही. अभ्यासांत बहुधा दिवसाला 36 मिलिग्रॅम पीएसी धरतात. डी-मॅनोजचं तर 2024च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत काही चाललं नाही.

दुकानदार जळजळीवर लघवी अल्कधर्मी करणारं सायट्रेटचं सिरप हातात ठेवतो. नायट्रोफ्युरँटॉइन चालू असेल तर ते विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण ही गोळी आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करते. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी आणि मुतखडा झालेल्यांनी क्रॅनबेरीही विचारूनच घ्यावी. थंडी-ताप किंवा कुशीत दुखणं असेल तर सॅशे बाजूला, सरळ दवाखाना.

हा डबा संपला की मॅनोज नसलेली, पीएसीचा आकडा छापलेली साधी कॅप्सूल घेणार आहे.