सुईचा टेस्टर की थ्रीडी ऑप्टिकल? प्रश्न चऱ्यांच्या मांडणीचा असेल तेव्हा

धातूच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजायचा आणि फक्त आरए, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा, हवा असेल तर फार विचार करू नका, पृष्ठभागावर बारीक सुई ओढून मोजणारा पोर्टेबल टेस्टर घ्या. खरी निवड करावी लागते ती घासकामाचे चरे किती अंतरावर आहेत आणि कुठल्या दिशेला धावतात हे कळायला हवं तेव्हा. आरए ही उंचसखलपणाची सरासरी. पूर्ण वेगळ्या मांडणीच्या दोन पृष्ठभागांचा आरए एकच येऊ शकतो.

रबाळे एमआयडीसीत आम्ही औषध कंपन्यांसाठी ३१६एल स्टीलच्या टाक्या बनवतो. सुईचा टेस्टर टाकीत नेता येतो, रीडिंग लगेच मिळतं, किंमतही झेपते. अडलं ते आरएसएमपाशी, म्हणजे चऱ्यांमधल्या सरासरी अंतरापाशी. सुई चऱ्यांना काटकोनात फिरली तरच ते अंतर खरं. चरे एकाच दिशेचे असले आणि सुई काटकोनापासून ३० अंश कलली, की आकडा सुमारे १५ टक्क्यांनी फुगतो. ४५ अंशांवर ४१ टक्क्यांनी. टर्निंगच्या, म्हणजे लेथवरच्या, जॉबवर दिशा डोळ्यांना दिसते. डिश एंडवर (टाकीचं वाटीसारखं टोक) किंवा नॉझलभोवती फ्लॅप व्हील, म्हणजे घासायचं चाक, फिरवणाऱ्याचा हात वळतो आणि चरेही वळतात. मग दिवसपाळीचा आकडा वेगळा, रातपाळीचा वेगळा, आणि चूक कोणाचीच नाही. रिपोर्टवर तो कोन कुठेच उमटत नाही, हे मला फार खुपायचं.

थ्रीडी ऑप्टिकल यंत्र प्रकाशाने मोजतं आणि रेघेऐवजी अख्खं क्षेत्र घेतं. आयएसओ २५१७८ या क्षेत्र-मोजणीच्या मानकातला एसटीआर ० ते १ मध्ये येतो: शून्याजवळ म्हणजे चरे ठळकपणे एका दिशेचे, एकजवळ म्हणजे सगळीकडे सारखे. एसएएल हे एक अंतर, ते मांडणीचा बारीकपणा सांगतं. टाकी लेन्सखाली मावत नाही, म्हणून सिलिकॉनचा ठसा घ्यायचा. ठशात डोंगराची दरी होते, पण हे दोन्ही आकडे ऑटोकोरिलेशनवरून, म्हणजे पृष्ठभाग सरकवून स्वतःशीच ताडून, निघतात, त्यामुळे ठसा नीट उठला असेल तर उलटेपणाने ते बदलत नाहीत. एसएसकेचं, म्हणजे डोंगर जास्त की दऱ्या हे सांगणाऱ्या आकड्याचं, चिन्ह मात्र उलटतं, तेवढं लक्षात ठेवा.

खर्च कित्येक पट आहे, हे मान्य. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रेलरचा हादरा पोचत असेल तर कंपन शोषणारं टेबलही लागेल. आरशासारख्या इलेक्ट्रोपॉलिशवर (विजेने केलेलं पॉलिश) फोकस बदलत उंची काढणारी फोकस व्हेरिएशनची यंत्रं अडखळतात, तिथे प्रकाशलहरींवर चालणारा इंटरफेरोमीटर बघावा. मोठ्या मॅग्निफिकेशनला क्षेत्र लहान पडतं. त्याची बाजू एसएएलच्या कित्येक पट नसेल तर आकड्यावर विसंबू नका.

ग्राहक आरएच मागतो तोवर सुई पुरेशी आहे. आमची आरएची सर्टिफिकेटं अजून तिच्यावरच निघतात. पण बफिंगची प्रत स्वतःला कळायला हवी असेल तर, माझ्यापुरतं तरी, पारडं ऑप्टिकलकडे झुकतं. डेमोला स्वतःच्याच टाकीचा ठसा न्या. एकदा मोजून घ्या, मग ९० अंश फिरवून तीच जागा पुन्हा मोजायला सांगा. एसटीआर जवळपास तोच यायला हवा आणि यंत्राने दिलेला चऱ्यांच्या दिशेचा आकडा ९० अंशांनी सरकायला हवा. तेवढं झाल्यावरच किमतीचं बोला.