अंडी उबवायचं मशीन, मे ते दिवाळी: 'फुल्ली ऑटोमॅटिक' म्हणजे नेमकं किती

96 अंड्यांचं, पंखा आणि कलता ट्रे असलेलं इनक्युबेटर मे महिन्यात घेतलं. कडक उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि दिवाळी एवढं पाहून झालंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, नोकरी कुंडईच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनची, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांची. त्यामुळे माझी नजर पिल्लांच्या आधी कंट्रोलरवर जाते, हे लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

खोक्यावर 'फुल्ली ऑटोमॅटिक' छापलंय. आत तीन कामं चालतात: तापमान सांभाळणं, अंडी फिरवणं आणि हवेतला ओलावा राखणं. यातलं फक्त तापमान क्लोज्ड लूपमध्ये आहे. सेन्सर मोजतो, कंट्रोलर ते सेट पॉइंटशी, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्याशी, ताडून पाहतो, फरक असेल तसा हीटर चालू-बंद करतो. बाकी दोन्ही ओपन लूप. फिरवण्याचा हुकूम सुटतो, पण तो पाळला गेला का हे विचारायला कोणी परत येत नाही; ओलाव्याला तर हुकूमही नाही, नुसता आकडा दिसतो. घेण्याआधी हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही, आणि माहितीपत्रकातही नाही.

आधी तापमान. पंखा असलेल्या पेटीत कोंबडीच्या अंड्यांना 37.5 अंश लागतात आणि 21 दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आमच्याकडे पूर्वी थर्माकोलचा डबा होता, आत बल्ब आणि बाहेर डिमर. डिमर एकदा लावला की झालं. मेच्या दुपारी आत भट्टी, जुलैच्या रात्री गारवा, कारण बाहेर काय चाललंय याचा त्या बल्बला पत्ताच नाही. त्याहून मोठी गंमत आतून होते. दुसऱ्या आठवड्यानंतर अंड्यातली पिल्लं स्वतःच उष्णता सोडायला लागतात. डिमर तिथेच, आणि डबा हळूहळू तापत जातो. या मशीनमध्ये मात्र शेवटच्या दिवसांत हीटरचा दिवा कमी वेळ पेटलेला दिसतो. कोणी काही बदललेलं नसतं. फीडबॅक म्हणजे काय हे नव्या पोरांना शिकवायचं तर मी त्यांना हा दिवा दाखवीन.

ही कल्पना मुळात अंड्यांसाठीच वापरली गेली हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. 17व्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने अंडी उबवायची भट्टी केली होती. आत गरम झालं की अल्कोहोल फुगायचं, त्याने पारा वर चढायचा आणि धुराड्याची झडप मिटायची. वीज नाही, चिप नाही, पण लूप पुरं. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारा जेम्स वॉटचा गव्हर्नर आला 1788 मध्ये, म्हणजे नंतर दीड शतकाहून जास्त काळाने.

मशीनसोबत आलेला कंट्रोलर साधा ऑन-ऑफ. 37.3 ला हीटर चालू, 37.7 ला बंद. कागदावर छान, पण हीटर बंद झाल्यावरही तारेत उरलेली उष्णता बाहेर येतच राहते, म्हणून आकडा 38 ला शिवून परत फिरतो. दोन टोकांमधली फट अजून कमी केली तर रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, रात्रभर टकटक करतो आणि लवकर झिजतो. अंड्यांना एवढी वरखाली चालते, स्पष्टच सांगतो. तरी मला राहवलं नाही. पीआयडी कंट्रोलर आणि सॉलिड स्टेट रिले (हलणारे भाग नसलेला स्विच) बसवला. पीआयडीत पी आत्ताच्या फरकाकडे बघतो, आय आतापर्यंत साचलेल्या फरकाकडे आणि डी फरक किती वेगाने बदलतोय त्याकडे. नुसता पी ठेवला तेव्हा आकडा 37.2 ला जाऊन बसला तो बसलाच, कारण हीटर तेवढा चालू ठेवायला थोडी चूक, म्हणजे ठरलेल्या आकड्यापासूनचा फरक, शिल्लक राहावीच लागते. आय घातल्यावर ती उरलेली चूक साचत जाते आणि आकडा 37.5 ला येऊन टेकतो. डी अगदी नावापुरता ठेवलाय. कारखान्यात असल्या संथ तापमानाच्या लूपवर आम्ही हेच करतो.

पीआयडी लावणाऱ्यांसाठी एक इशारा. लाईट गेली की या मशीनची बॅटरी पंखा आणि कंट्रोलर चालू ठेवते, हीटर नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं नवीन नाही. तेवढ्या वेळात तापमान उतरतं, कंट्रोलर 'अजून द्या, अजून द्या' म्हणत आय वाढवत राहतो आणि हीटर तर मेलेला. लाईट आल्यावर तो साचलेला सगळा हिशेब एकदम वसूल करतो. माझ्याकडे काटा 38.8 वर गेला. याला वाइंडअप म्हणतात, आणि जास्त ताप अंड्यांना थोड्या गारव्यापेक्षा लवकर मारतो. उपाय सोपा आहे: कंट्रोलरची वायर हीटरच्याच लाइनवर घ्या, बॅटरीवर फक्त पंखा ठेवा. म्हणजे लाईट आल्यावर कंट्रोलर कोऱ्या पाटीने सुरू होतो.

सेन्सरबद्दल तक्रार आहे. आलेला सेन्सर अर्धा अंश जास्त दाखवत होता. म्हणजे पडद्यावर 37.5 आणि आत 37. लूप कितीही चांगलं असो, सेन्सर खोटं बोलला तर ते इमानाने त्या खोट्यालाच चिकटून राहतं. पहिल्या खेपेची पिल्लं त्यामुळे उशिरा, रेंगाळत आली. घरातला तापाचा थर्मामीटर सेन्सरला चिकटवून ठेवा आणि ताडून पाहा. तो आकडा पकडून ठेवतो, म्हणून चढउतार कळत नाहीत, पण फरक किती ते कळतं. कंट्रोलरमध्ये ऑफसेट, म्हणजे तेवढी दुरुस्ती, घालायची सोय असते.

अंडी फिरवायचं काम दर दोन तासांनी टायमरवर. मोटर फिरते, ट्रे एका बाजूला कलतो, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला. जुलैत मोटरच्या प्लास्टिक गिअरचे दात गेले. पडद्यावर उलटी गिनती चालूच, मोटरचा आवाजही येतोय, ट्रे मात्र एकाच बाजूला कललेला. संध्याकाळी शेजारच्या काकी अंडी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "बाबू, सकाळी पण अशीच वाकडी होती ना रे?" तेव्हा उजेड पडला. अंडं हललं नाही तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. विकणाऱ्याने गिअर पाठवला, पण दोन आठवड्यांनी आणि पुन्हा प्लास्टिकचाच. मी ट्रेच्या दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच आणि एकेक छोटा एलईडी लावला. मोटर फिरून दिवा बदलला नाही तर समजायचं. लूप अजून माणसाच्या डोळ्यातूनच जातंय, पण निदान डोळ्याला काहीतरी दिसतं. 18व्या दिवशी फिरवणं बंद करायचं असतं, तेही हातानेच करावं लागतं.

ओलाव्याची गंमत वेगळी. पडद्यावर टक्केवारी ठळक दिसते, म्हणून लोकांना वाटतं मशीन ती सांभाळतंय. ते नुसतं दाखवतं. पाण्याच्या पन्हळी तुम्ही भरायच्या. पावसाळ्यात बाहेर 90 टक्के असताना आत पाणी कशाला, असा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. पण 25 अंशांची तीच हवा 37.5 ला तापवली की तिची आर्द्रता 44 टक्क्यांच्या आसपास येते, आणि पहिल्या 18 दिवसांत हवी असते 50 ते 55. म्हणजे ऐन आषाढातही एक पन्हळ भरलेली लागतेच. शेवटच्या तीन दिवसांत 65 ते 70, तेव्हा दोन्ही पन्हळी आणि एक ओलं फडकं.

पडद्यापेक्षा वजनकाटा खरा. 18 दिवसांत अंड्याचं वजन साधारण 12-13 टक्के घटायला हवं. आमची गावठी अंडी 45 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेपाच-सहा ग्रॅम. चार-पाच अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून दर काही दिवसांनी तोलतो. कमी घटलं तर पाणी कमी, जास्त घटलं तर पाणी जास्त.

घ्यावं का? खुडूक कोंबडी वेळेवर मिळत असेल आणि वर्षातून दोनदाच पिल्लं काढायची असतील तर नको. मला फलित अंड्यांतून चारात तीन पिल्लं मिळायला लागली आहेत, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी पिल्लं उरत नाहीत, म्हणून माझं जमतं. घेताना दुकानात झाकण उघडून दोन गोष्टी बघा: ट्रेचा गिअर धातूचा आहे का, आणि सेन्सर अंड्यांच्या उंचीवर आहे की वर पंख्याला चिकटवलाय. ओलावा आपोआप सांभाळणारं महागडं मॉडेल मी पाहिलं, पण त्यातल्या पाणी फवारणाऱ्या नळीत आमच्या विहिरीच्या पाण्याचे क्षार साचतील, म्हणून सध्या पन्हळीच बऱ्या.