टामियाचा सेट ‘बी’: नागपुरात बर्फाचं काय काम?

टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या वेदरिंग मास्टरचा, म्हणजे मॉडेलं जुनी-मळकी दिसावीत म्हणून लावायच्या रंगांचा, सेट ‘बी’ घरी आला तेव्हा आधी हशा झाला. तळहातावर मावेल अशी चपटी डबी, झाकण उघडलं की रंगाच्या तीन वड्या, सोबत एका टोकाला स्पंज आणि दुसऱ्या टोकाला ब्रश असलेली काडी. “अहो, हे तर माझ्या कॉम्पॅक्टसारखं आहे, लिपस्टिक नाही दिली का सोबत?” इति सौ. वड्यांची नावं स्नो, सूट आणि रस्ट. बर्फ, काजळी, गंज. मे महिन्यात, बाहेर 45 डिग्री असताना, पैसे मोजून बर्फ विकत घेणारा माणूस म्हणून आठवडाभर माझी चेष्टा झाली.

मला पाहिजे होती काजळी. वरच्या खोलीत मी नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज रेल्वेच्या एका तुकड्याचं छोटं मॉडेल उभं करतोय. ती लाईन 2015 मध्ये ब्रॉडगेज करायला बंद झाली, आता तसले डबे-इंजिनं पाहायची तर नागपुरातल्या मोतीबागेच्या रेल्वे म्युझियममध्ये जावं लागतं. स्केल एचओ, म्हणजे 1:87. आपलं नॅरोगेज 762 मिलिमीटरचं, त्याला 87 नं भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं, त्यामुळे 9 मिलिमीटरचे बाजारातले रूळ बिनदिक्कत चालतात. सावनेरच्या अलीकडे एक फाटक केलंय आणि फाटकापाशी मला जळालेला कापसाचा ट्रक हवा होता.

असला अभद्र देखावा कशाला, असं घरातल्यांनीही विचारलं. मी 28 वर्षं मोटर सर्व्हेअर होतो, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी गाड्यांचं नुकसान तपासणारा. क्लेम आला की बॅग उचलायची आणि अमरावती रोड नाहीतर वर्धा रोड गाठायचा. कापसाच्या गाठी भरलेले जळके ट्रक इतके पाहिलेत की त्याशिवाय विदर्भातला रस्ता मला पुरा वाटत नाही. एक गाठ 170 किलोची. बाहेरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते. बंबवाले गेल्यावर पुन्हा पेटलेली मी स्वतः पाहिली आहे.

ट्रकसाठी जुन्या मर्सिडीजचं नाकवालं प्लास्टिक मॉडेल घेतलं. टाटानं 1954 मध्ये मर्सिडीजशी करार करून ट्रक काढले, त्यामुळे चेहरामोहरा जुळतो. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर. त्यावर मी आधी, सगळे करतात तेच केलं: काजळीची वडी घेतली आणि ट्रक काळा करून टाकला. दिसायला लागला तो नुकताच डांबरात बुडवून काढल्यासारखा. कुठंतरी चुकत होतं, आणि काय चुकतंय हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आमच्या वेळी अपघाताच्या गाड्या उचलणारा एक क्रेनवाला होता. तो म्हणायचा, “साहेब, लोखंड जळत नाई, नागडं होते.” अगदी तेच. जिथे आग सगळ्यात जास्त, तिथे रंग पार उडतो, काजळीसुद्धा जळून जाते. उरतो उघडा, राखाडी-पांढरा पत्रा. बंबाचं पाणी पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पत्रा संत्र्याच्या सालीसारखा नारिंगी. काळं असतं ते कडेला, आग जिथे थांबली तिथे, आणि त्याच्या पलीकडे फोड आलेला तपकिरी रंग, मग थोडासा मूळ निळा किंवा लाल. कुठून पेटलं हे त्या पट्ट्यांवरूनच मी शोधायचो. मॉडेलवाले सगळीकडून सारखं जाळतात. आगीला दिशा असते.

तेव्हा सगळं पुसलं आणि उलटं सुरू केलं. हौद्यात मागच्या डाव्या कोपऱ्यात आग लागली असं ठरवलं. तिथे आधी ‘स्नो’. हो, बर्फ! स्पंजनं दाबून लावला आणि ब्रशनं वरून झटकला की हुबेहूब राख बसलेला पत्रा. त्यावर ‘रस्ट’ तुटक तुटक. ‘सूट’ फक्त कडांना, खिडकीच्या वरच्या काठावर, जिथून ज्वाळा बाहेर पडल्या असतील तिथे. केबिनच्या उजव्या दाराला हातच लावला नाही, तिथे निळा रंग शाबूत. आज डबीत बर्फाची वडी निम्म्याच्या खाली गेली आहे आणि काजळीवर जेमतेम खळगा पडलाय. चेष्टा करणारे गप्प आहेत.

वड्या किंचित ओलसर, मेकअपसारख्याच. म्हणून भुकटी उडत नाही. हे नागपूरकरांना नीट कळेल. पहिल्या प्रयोगात मी सॉफ्ट पेस्टलची कांडी पॉलिश पेपरवर घासून भुकटी केली होती आणि उकाडा असह्य झाला म्हणून कूलर लावला. ती भुकटी नंतर उशीच्या अभ्र्यात सापडली.

पण फक्त डबीवर भागत नाही. ‘रस्ट’ एकाच छटेचा आहे, खरा गंज असा एकसुरी नसतो. मी सीताबर्डीतून आणलेल्या बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, पेस्टलचा हात त्यात मिसळतो. सेट ‘डी’ही हौसेनं मागवला, कारण त्यात ‘बर्न्ट ब्लू’ आणि ‘बर्न्ट रेड’ आहेत. नावावर भाळलो, चूक माझी. ती तापून रंग बदललेल्या सायलेन्सरसाठी आहेत, जळक्या पत्र्यासाठी नव्हेत. आता फक्त सायलेन्सरला वापरतो. ज्या ऑनलाईन विक्रेत्याकडून तो घेतला, त्यानं एक वडी फुटलेली पाठवली आणि फोटो मागत पंधरा दिवस घालवले. नाव घेत नाही.

आणखी एक. वरून मॅट वार्निश मारू नका. मी मारलं, आणि सगळी राख ओली झाल्यासारखी गडप झाली. न मारावं तर बोट लागलं की रंग पुसतो. भुकटीची ती जातच आहे. ट्रक आधी जागेवर चिकटवायचा आणि राख शेवटी लावायची, हा माझा तोडगा.

रंगाइतकंच महत्त्वाचं म्हणजे काय उरलं नाही. टायर काढून टाकले. नायलॉन टायर जळाला की रिमवर तारांच्या दोन बांगड्या राहतात. त्या जुन्या इयरफोनच्या वायरीतल्या तांब्याच्या केसांनी वळल्या. आगीत स्प्रिंगच्या पाट्यांची ताकद जाते म्हणून मागचा भाग एक मिलिमीटर खाली बसवला. हौद्याच्या फळ्या गेल्या, लोखंडी अँगल उभे. गाठींच्या जागी फक्त त्यांना आवळलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा गुंता, तो बारीक कापलेल्या फॉइलचा.

‘बी’ची किंमत मला पोस्टेजसह सातशेच्या आत पडली. एका डबीत असे आठ-दहा ट्रक सहज होतील. सुरुवात करणाऱ्यानं ‘बी’ घ्यावा, ‘डी’ राहू द्यावा.

तो क्रेनवाला आता थकलाय, पण मुद्दाम घरी बोलावून त्याला फाटक दाखवलं. चष्मा पुसून बराच वेळ वाकून पाहत राहिला.

“गंज किती दिवसांचा दाखोला?”

“तीन-चार.”

“मंग ह्या पट्ट्या अजून कशा? भंगारवाला पयल्याच राती नेते ना, साहेब.”

तो गेल्यावर मी चिमटा घेतला आणि अर्ध्या पट्ट्या काढून टाकल्या.