लग्नाचे फोटो: पोझ की कँडिड?

अंतरपाट खाली येतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. पोझवाला फोटोग्राफर म्हणतो, "ताई, हार तसाच धरा, इकडे बघा." फोटो स्वच्छ येतो, चेहरे उजळलेले, पण नवरी नवऱ्याकडे नाही, फ्लॅशकडे बघत असते. कँडिडवाला, म्हणजे पोझ न देता नकळत क्षण टिपणारा, ३५ मिमीची लेन्स लावून भटजींच्या खांद्यामागे गप उभा. अक्षता हवेतच पकडायच्या तर शटर १/५०० सेकंद तरी हवं, आणि कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० वर न्यावा लागतो. त्याने फोटोत थोडे बारीक ठिपके दिसतात. दिसू देत. नवरीमागे उभा मामा डोळे पुसताना सापडतो ना!

पण नुसतं कँडिड घेतलंत तर आजी रुसणार, हे लिहून ठेवा. स्टेजवरचा काकू-आत्यांचा ग्रुप फोटो पोझशिवाय होत नाही. त्याला नावांची यादी आणि हाका मारणारा एक खमका चुलतभाऊ लागतो.

जोडप्याशी आधी चहावर अर्धा तास गप्पा झाल्या की कँडिड निम्मं जमतं, कॅमेऱ्याची भीड मोडते. पोझला तेवढं लागत नाही. मी विधींना कँडिडच घेईन आणि पंगतीआधी २० मिनिटं ग्रुप फोटोंना देईन.